खर्जाची वाट

कणसे वकील बाजारपटांगणाच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते आणि आमच्या स्पीकरच्या दोन उंच पेट्या त्यांच्यासमोर बऱ्याच लांब उभ्या होत्या. बाजार बुधवारचा आणि हा शनिवार, त्यामुळे पटांगणात चार शेळ्या, वकील आणि आम्ही दोघे भाऊ, एवढीच वस्ती. जालिंदरदादानं वायरी जोडल्या, दोन्ही पेट्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सवयीनं माईक उचलला.

“हॅलो, हॅलो. फडतरे साऊंड सर्व्हिस आपलं सहर्ष स्वागत करीत आहे.”

“दादा, माईक नको,” मी म्हणालो. “गाणं लाव.”

“हां हां, झ्याक,” दादा हसून म्हणाला आणि माईक हातात धरून तसाच उभा राहिला. शेवटी गाणं मीच लावलं.

वकिलांच्याच पसंतीचं, एका बाईंच्या आवाजातलं सकाळच्या रागाचं रेकॉर्डिंग होतं. गळा सुरेख आला, खोटं कशाला बोला. पण गळ्याखाली काहीच नव्हतं. तंबोरा कुठंतरी डासासारखा गुणगुणत होता आणि तबल्याचा डग्गा वाजवणारे घरीच विसरून आले असावेत असं वाटत होतं. मी आवाज वाढवला. त्यानं गळा तेवढा चढला, खालचं रिकामं ते रिकामंच राहिलं.

वकिलांनी थोडा वेळ ऐकलं, मग चष्मा काढून पुसला. “सयाजीराव, गळा लाखात एक लागतोय. पण डग्गा कुठाय?”

“येईल साहेब. स्पीकर नवीन आहे, मोकळा व्हायला जरा वेळ लागतो,” मी थाप मारली.

“बघतो. कळवतो तुम्हाला.”

मुलगी बघायला आलेले पाव्हणे पोहे खाऊन झाले की म्हणतात ना, ‘कळवतो’? तसलं ते कळवतो. मला तिथंच समजलं. वकिलांची गाडी धुरळा उडवत रस्त्याला लागली, तरी दादाच्या तोंडावरचं हसू हललेलं नव्हतं.

“पसंत हाय न्हवं?” त्यानं विचारलं.

“नाही.”

त्यानं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मग खाली बसून वायरी गुंडाळायला लागला. “मग ठरलं तर. सोमवारी सकाळची पुण्याची गाडी.”

आता हे पुण्याचं काय लचांड, ते सांगायला पाहिजे. आमचं वडूजचं दुकान दादानं उभं केलेलं. तालुक्यातली लग्नं, जत्रा, गणपती, सगळीकडं फडतऱ्यांची डॉल्बी. खोक्यांची भिंत रचली की पलीकडच्या आळीत फडताळातली भांडी वाजायची, आणि दादा त्या भिंतीपुढं छाती काढून उभा. ऐन तारुण्यापासून तो तिथं उभा राहिला होता. मग मोठ्या आवाजावर बंदी आली. एक मिरवणूक अडवली, दुसरी अडवली, आणि सुपाऱ्या येईनाशा झाल्या. गावातली म्हातारीकोतारी तर सुखावली, पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. पण आमचं दुकान बसलं ते बसलं.

शालनवहिनीच्या भावानं पुण्यात एका गोदामावर दादासाठी रात्रपाळीच्या वॉचमनची नोकरी बघितली. ज्याच्या नावाची पाटी अख्ख्या तालुक्याला पाठ, तो माणूस टोपी घालून परक्याच्या फाटकावर बसणार. मला ते सहनच होईना. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, दुकानाच्या एका कोपऱ्यात टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचो. दादा गेला असता तर माझं पोट भरायचं थांबलं नसतं. पण आई-आबा गेल्यावर मला ज्यानं वाढवलं, त्याच्याशिवाय त्या दुकानाचं शटर उघडणं माझ्याच्यानं झालं नसतं.

अशात कणसे वकील देवासारखे आले. साताऱ्याची वकिली आटोपून गावच्या घरी राहायला आले होते, गाण्याचे वेडे. रेडिओ दुरुस्तीला घेऊन आले आणि बोलता बोलता म्हणाले, “फडतरे, मला मोठा आवाज नको, खरा आवाज पाहिजे. घरात बसून ऐकण्याजोगा. जमेल? जमलं तर साताऱ्याला आमची ऐकणारी मंडळी आहेत, आठ-दहा घरं तरी घेतील.”

जमेल का, असं मला कुणी विचारलं की झालंच. असल्या पेट्यांबद्दल मी डिप्लोमाच्या दिवसांपासून वाचत आलो होतो, नुसतं बनवायला निमित्त हवं होतं. त्याच संध्याकाळी मी आमच्या दुकानाच्या फरशीवर खडूनं चित्र काढलं. दादाला काही समजवायचं तर चित्र काढावं लागे. नुसतं बोललं की त्याचं ध्यान भलतीकडं असायचं.

“स्पीकरचा पडदा पुढं जेवढा आवाज टाकतो, तेवढाच मागं टाकतो. खरं ना?” मी म्हणालो. “मागचा आवाज आपण पेटीत कोंडून मारतो. आता तसं करायचं नाही. त्याला लांबलचक वाट करून द्यायची, पेटीच्या आत घड्या घातलेली. वाटेत लोकर भरायची. बारीक आवाज ती लोकर खाऊन टाकते, आणि खर्ज तेवढा वळणं घेत घेत खालच्या तोंडातून बाहेर पडतो. तोवर पुढच्या आवाजाशी त्याचं पाऊल जुळलेलं असतं.”

“वाट केवढी लांब?”

“खर्ज जेवढा खोल पाहिजे तेवढी लांब. आपली माणसाच्या उंचीपेक्षा जास्त होते. म्हणून तर घड्या.”

“आन स्पीकर?”

मी पुढं केला. तळहाताएवढा, कागदी पडद्याचा, एकटाच. फुल रेंज म्हणतात त्याला. बारीक-जाड सगळं तोच गातो, मदतीला ट्वीटर नाही की वूफर नाही.

दादानं तो उलटासुलटा करून बघितला. “उंदराला हत्तीची झूल शिवायला निघालाईस तू.” पण खडूच्या रेघा ओलांडून न जाता तो कडेकडेनं गेला, तेव्हाच मी ओळखलं की गडी कामाला लागला.

प्लायवूडचा विषय त्यानंच काढला. “इकत कशाला आनायचं? ही खोकी काय पुजायला ठिवायची हायत?” आणि ज्या खोक्यांच्या जिवावर आमचं घर चाललं, त्यांतल्या सगळ्यात मोठ्यावर त्यानं स्वतः करवत चालवली. माझ्याच डोळ्यात पाणी आलं. भुसा गेला म्हणालो.

लोकर एका धनगराच्या वाड्यावरून आणली. वहिनीनं ती धुतली, वाळवली, बोटांनी पिंजली, आणि घरभर मेंढरांचा वास सुटला म्हणून आम्हा दोघांना मनसोक्त शिव्या घातल्या. आतल्या फळ्या दादानं बसवल्या. प्रत्येक फळीवर तो तळहात ठेवायचा, दुसऱ्या हातानं टिचकी मारायचा आणि मान हलवायचा किंवा फळी काढून पुन्हा बसवायचा. हे त्याचं नवीनच होतं. मला वाटलं, वय झालं, बारकावा आला.

पेट्या शुक्रवारी तयार झाल्या, पण घरात एकदाही वाजवल्या नाहीत. आमच्या धंद्याची ती रीतच होती. नव्या खोक्याचा पहिला आवाज मोकळ्या पटांगणात घ्यायचा, चारी बाजू उघड्या ठेवून, आणि लांब उभं राहून ऐकायचा. भिंतीजवळ आवाज फुगतो, खोक्याचं खरंखोटं कळत नाही, असं दादाला त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं आणि दादानं मला. उस्तादाचा शब्द म्हणजे आमच्यात वेद. म्हणून वकिलांना पटांगणात खुर्ची टाकली, आणि पुढं जी शोभा झाली ती सांगितलीच.

रविवारी सकाळी मी सोप्यात दोन्ही पेट्या मधोमध ठेवून चूक शोधत बसलो होतो. तेच गाणं चालू. घरात पटांगणापेक्षा बरं वाटत होतं, पण जरासंच. वायरी तपासल्या, जोड उलटे झालेत का बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. दादा भिंतीला टेकून पुण्याला न्यायच्या कपड्यांच्या घड्या घालत होता. माझ्याकडं बघतही नव्हता.

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात पाण्याची कळशी. “काय मांडलंय ह्ये? मानसानं चालायचं कुठनं?”

“वहिनी, दहा मिनिटं थांब.”

“रोज उठून तुझी धाच मिन्टं.” तिनं कळशी खाली ठेवली, एका पेटीला कमरेचा रेटा दिला आणि सरळ कोपऱ्यात नेऊन भिंतीला लावली. मग दुसरी दुसऱ्या कोपऱ्यात. तिच्या घरात जी वस्तू भिंतीला लागलेली नाही, ती तिच्या लेखी पसारा.

आणि डग्गा आला.

तव्यावरची भाकरी फुगावी तसा तो आवाज माझ्या डोळ्यांदेखत भरला. बाई तीच, गळा तोच, पण आता ती छातीपासून गात होती. तंबोरा जमिनीवरून पसरत आला. मी वायर हातात धरून तसाच बसलो. माझी मलाच शरम वाटली. आपण घरासाठी पेटी बनवली आणि पारख केली जत्रेच्या मापानं. एवढ्याशा पडद्याचा खर्ज तो केवढा, पटांगणात चारी दिशांना पांगून गेला. इथं दोन भिंती आणि जमीन मिळून त्याला हाताला धरून पुढं आणत होत्या. रीत चुकीची नव्हती, ह्या पेटीसाठी ती नव्हती, एवढंच.

“दादा, ऐकलंस का?”

“हां हां,” दादा म्हणाला. “झ्याक.”

मग मात्र माझं डोकं फिरलं. “काल पण झ्याक, आज पण झ्याक. काल काय होतं आणि आत्ता काय झालं, ते सांग बघू.”

दादानं माझ्याकडं बघितलं, मग वहिनीकडं. त्याच्या हातात सदरा होता, त्याची घडी त्यानं मोडली आणि परत घातली.

“सांगा आता,” वहिनी म्हणाली. “माझ्याच्यानं आनखी झाकवत न्हाई.”

“मला ऐकू येत न्हाई, सया,” दादा म्हणाला.

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय.

“समोरनं तोंड दिसलं की वळखतो. पाठ फिरवलीस की ग्येलं. त्या बाईचा गळा म्हंतोस, मला त्यो येतच न्हाई. टीव्हीवर मानसं नुसती तोंडं हलवत्यात.” तो सदऱ्याकडं बघत बोलत होता. “आवाजाचा धंदा करनारा भैरा. गाव किती हसंल, सांग.”

“कधीपासून?”

त्याला प्रश्न दिसला नाही. वहिनीनंच उत्तर दिलं. “लई दिस झालं. डॉल्बीनं ग्येलं. बंदी आली तवा मी देवाला नारळ फोडला, खरं सांगते. पर तवर हुयाचं ते हून ग्येलं हुतं.”

“आणि रात्रपाळीला पाठवतेस त्याला? मागून कुणी आलं तर कळणार आहे का?”

“मी पाठवत न्हाई,” वहिनीचा आवाज चढला, आणि तिचे डोळे भरले. “तेच जातो म्हनत्यात. तितं कुनाशी बोलाय लागत न्हाई म्हनं.”

मी दादाशेजारी जाऊन जमिनीवर बसलो. ज्या माणसानं मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं, त्याच्या शेजारच्या टेबलापाशी मी रोज बसत होतो आणि मला पत्ता नव्हता. राग आला, आणि रागाखाली माया दाटून आली. गाणं आपलं चालूच होतं. दादा सरकून पेटीला टेकला, आणि जमिनीवर टेकवलेला त्याचा हात पेटीच्या खालच्या तोंडासमोर आला.

तो एकदम सावरून बसला. “हितनं वारं येतंय.”

मी त्याच्यासमोर गेलो, तोंड दिसेल असा. “वारं नाही ते. डग्गा आहे.”

त्यानं तळहात तिथं उघडा धरला. बराच वेळ धरला. मग त्याची बोटं हळूहळू हलायला लागली, एकेक ठोका धरत.

“ह्यो सुटा येतोय,” तो म्हणाला. “ह्येच्या म्होरला पन सुटा. आन हे दोन एकमेकांना चिकटून. तोंडापाशी लोकर लई दाटलीया, सया. कोंदतंय.”

“लोकर मापात आहे.”

“माप ऱ्हाऊ दे. काढ म्हंतो ना.”

खालची फळी काढून मी मूठभर लोकर ओढली. त्यानं हात धरून बघितला, मान हलवली, आणखी काढायला लावली. पुढच्या मुठीला मला फरक कानानं कळला. आधीचा डग्गा गुबगुबीत होता, आता प्रत्येक ठोक्याला आपली आपली जागा मिळाली. मग पेटी कोपऱ्यातून जराशी पुढं, पुन्हा मागं. दुसऱ्या पेटीचंही तसंच. दादा जमिनीवर पालथा पडलेला, मी मुठीत लोकर घेऊन बसलेलो, आणि वहिनी दोन वेळा “भाकऱ्या निवल्या” म्हणून सांगून गेली, ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं नाही.

दुपारी कधीतरी दादानं हात मागं घेतला आणि नुसता पेटीसमोर बसला. मी काही बोलणार, तर त्यानं मला थांबवलं.

“डग्गा मला ऐकूबी येतोय,” तो म्हणाला. “हातानं न्हवं. कानानं.”

जाड आवाज त्याच्या कानात शिल्लक होता. बारीक गेला होता तेवढाच, आणि आमच्या घरातल्या कुठल्याच यंत्रातून जाड आवाज म्हणावा तसा येत नव्हता, म्हणून त्याला वाटत होतं सगळंच गेलं. हे मी त्याला चित्र काढून सांगितलं. त्यानं ते चित्र लक्ष देऊन पाहिलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मी वकिलांना फोन लावला. म्हणालो, साहेब, एकदाच आमच्या घरी या, नाही आवडलं तर पुन्हा तोंड दाखवणार नाही. वकील भला माणूस. दिवस कलायच्या आत आले. वहिनीनं खुर्ची मांडली, पण ते सतरंजीवरच बसले. मी गाणं लावलं आणि दादा त्यांच्यासमोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिला. दुसरं तो काय करणार. पहिल्या आवर्तनाला वकिलांनी भुवया उचलल्या. मग त्यांचा हात गुडघ्यावर ताल धरायला लागला, आणि चीज संपेपर्यंत थांबला नाही.

“काल हे कुठं होतं?” त्यांनी विचारलं.

“पटांगणात सांडलं, साहेब,” मी म्हणालो.

ते हसले. “आज हे बसवलं कुणी? कान मोठा तयारीचा आहे.”

मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं. पण ‘कान’ म्हणताना वकिलांचे ओठ दादानं पाहिले असावेत.

“साहेब,” तो म्हणाला, “मला ऐकू येत न्हाई. हातानं बसवलंय.”

वहिनी दारात चौकट धरून उभी. धंद्याच्या माणसानं, गिऱ्हाइकाच्या तोंडावर, आणि तेही असं. मला वाटलं, झालं, हातचं गेलं. वकील उठले, पेटीपाशी गेले, वाकून खालच्या तोंडासमोर त्यांनी आपला हात धरला. आमच्याकडं त्यांची पाठ होती.

“मग माझ्या घरी येऊन तुम्हालाच बसवून द्यावं लागेल,” ते तसेच वाकून म्हणाले. “माझ्या खोलीच्या भिंती वेगळ्या आहेत. साताऱ्याच्या मंडळींकडे सुद्धा तुम्हीच यायचं, फडतरे. सयाजी पेट्या करील, पण हे त्याच्या हातचं काम नाही.”

दादाला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. तो वकिलांच्या पाठीकडं बघत होता आणि त्याच्या तोंडावर ते हसू यायला लागलं होतं, सगळ्यांना पुरवून उरणारं. ते मधेच थांबलं. वकिलांच्या, बायकोच्या समोर त्यानं माझ्या दंडाला धरून मला आपल्याकडं वळवलं.

“काय म्हनाले रं? मला न्हाई कळलं.”

मी त्याच्यासमोर नीट उभा राहिलो आणि सांगितलं, एकेक शब्द. त्यानं सगळं ओठांवरनं वाचलं. ते त्याच्या डोळ्यांतच दिसलं. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. वकील अजून पेटीवरच वाकलेले होते.

“आजून एकदा सांग,” दादा म्हणाला.

“आता कळलं की तुला.”

“कळलंय. तरी सांग.”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.